मुख्य पडदा कुणाचा

हळूबाईंचं खरं नाव नाटक कंपनीत कुणाला विचारलं असतं, तर चार माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली असती. नाव हजेरीपुस्तकात लिहिलेलं होतं, पण हजेरीपुस्तक त्या स्वतःच लिहीत, त्यामुळे तेही कुणी वाचलेलं नव्हतं. अडतीस वर्षं त्या कंपनीच्या प्रॉम्प्टर होत्या. डाव्या विंगेत एक बुटकं स्टूल, मांडीवर संहिता, संहितेवर कागदात गुंडाळलेला छोटा दिवा. तिथून त्यांची कुजबुज निघे ती रंगमंचाच्या मधोमध उभ्या असलेल्या नटाच्या कानात बरोबर जाऊन बसे. पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला मात्र वाटे, पंखा जरा जास्त फिरला.

या कामाची एक रीत असते आणि ती कुठल्या पुस्तकात नाही. अख्खं वाक्य द्यायचं नाही. पहिला शब्द द्यायचा, आणि गप्प बसायचं. "नटाला हात आहेत, घास भरवायचा नसतो, ताट पुढे सरकवायचं," असं हळूबाई म्हणत. दुसरी गोष्ट याहून अवघड. नट थांबला म्हणजे विसरलाच असं नाही. कधी तो रंगून थांबलेला असतो, आणि अशा वेळी शब्द दिला तर मध्यंतरात तो तुम्हाला फाडून खातो. कंपनीतले सगळ्यात ज्येष्ठ नट म्हणजे दादा. वय शहात्तर, आवाज अजून छपराला लागणारा, स्मरणशक्ती मात्र चाळणी झालेली. दादा रंगून थांबले की उजव्या हाताचा अंगठा हळूहळू बोटांवरून फिरे, आणि विसरले की अंगठा जागच्या जागी गोठे. हळूबाई नाटक बघतच नसत, अंगठा बघत.

असं सगळं सुरळीत चाललं असताना त्यांचा घसा बसला. आज उठेल, उद्या उठेल करता करता महिना गेला. डॉक्टरीणबाईंनी घशात नळी घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "स्वरतंतूंवर गाठी आल्यात. औषधानं जातील. बोला, पण बेतानं बोला. कुजबुजायचं मात्र बंद."

"कुजबुजायचं बंद?" हळूबाईंनी कुजबुजत विचारलं.

"हेच ते. कुजबुजताना घसा आवळला जातो. साध्या बोलण्यापेक्षा जास्त ताण पडतो. काय काम करता तुम्ही?"

हळूबाईंनी सांगितलं. डॉक्टरीणबाई हसू आवरायला चिठ्ठी लिहू लागल्या.

कंपनीची दिग्दर्शिका चाळिशीची, कामाला वाघीण आणि मनानं सरळ. तिनं आडपडदा ठेवला नाही. "हळूबाई, शनिवारी रंगीत तालीम आहे. रविवारी पहिला प्रयोग. दादा प्रॉम्प्टरशिवाय उभे राहायचे नाहीत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. शनिवारपर्यंत काही मार्ग निघाला तर बघू. नाहीतर तिकीट खिडकीवरच्या भाऊंना बसवते." तिकीट खिडकीवरचे भाऊ देवमाणूस होते, पण आयुष्यभर काचेतून बोलल्यामुळे त्यांची कुजबुज बाल्कनीत ऐकू येई.

आणि एकदा भाऊ त्या स्टुलावर बसले की हळूबाई पुन्हा बसणार नाहीत, हे दोघींनाही ठाऊक होतं. रिकाम्या जागा नाटक कंपनीत फार वेळ रिकाम्या राहत नाहीत.

हळूबाई घरी आल्या त्या तोंड पाडून. घरात दुसरं माणूस म्हणजे त्यांची नणंद, ताई. हळूबाईंचे यजमान नऊ वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून या दोघीच. ताई नकाशा खात्यात नकाशे काढून निवृत्त झालेल्या. सरळ रेघेवर त्यांचा विश्वास, माणसांवर बेताचाच. दोघी एकमेकींना अहो-जाहो करत आणि अहो-जाहो करून जेवढं भांडता येतं तेवढं भांडत.

"तोंड द्यायचं नाही, तर डोळे द्या," सगळं ऐकून ताई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"शब्द कानात सांगता, तो पडद्यावर दाखवा. माझा लॅपटॉप तुमच्या मांडीवर, आणि खात्यानं मोडीत काढलेला तो चौकोनी मॉनिटर दादांच्या समोर. तुम्ही इकडे टाइप करायचं, तिकडे दिसायचं. संहिता टाइप तुम्हीच करता ना कंपनीची? बोटं तर बसलेली नाहीत तुमची?"

लॅपटॉप ताईंचा फार लाडका. अकरा वर्षांचा, एका कोपऱ्यात चिकटपट्टी लावलेला. दुकानदारानं तो भंगारात काढा म्हणून सांगितलं होतं. त्यावर ताईंनी निवृत्तांच्या संगणक वर्गात जाऊन त्याच्यावर ती मुक्त प्रणाली चढवली होती, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणाच्या मालकीची नसलेली. तेव्हापासून लॅपटॉप तुरुतुरु चालत होता आणि ताई त्या दुकानावरून मुद्दाम पिशवी हलवत जात. प्रणाली मराठीतही होती. कुणीतरी भल्या माणसांनी फावल्या वेळात तिचं भाषांतर केलं होतं, आणि ते वाचून हळूबाई म्हणाल्या, "ताई, हे यंत्र जुन्या संगीत नाटकातल्या राजासारखं बोलतं हो."

दुपारी जेवणं उरकून दोघींनी टेबलावर मांडामांड केली. वायर जोडली. मॉनिटर उजळला आणि त्यावर हुबेहूब तेच दिसलं जे लॅपटॉपवर दिसत होतं.

"झालं की," हळूबाई म्हणाल्या.

"काय झालं? हा आरसा झाला. तुमची अख्खी संहिता दादांना दिसणार. ती मुंगीएवढी अक्षरं वाचत बसले तर नाटक कधी करणार? तुमच्या पडद्यावर सगळं आणि त्यांच्या पडद्यावर एकच शब्द, असं हवं." ताईंनी पडद्याच्या सेटिंगचं पान उघडलं, 'प्रतिबिंबित करा' वरची खूण काढून 'विस्तारित करा' वर लावली. पडद्यावर एक चौकट आली, ताईंनी टक्‌ करून एंटर दाबला, चौकट गेली. दोन पडदे वेगळे झाले.

हळूबाईंनी मोठ्या अक्षरांची खिडकी तिकडे ढकलली आणि दादांचा एक नेहमीचा अडणारा शब्द टाइप केला. नाटकातलं वाक्य होतं, 'चिंता करू नकोस, मी आहे.' मॉनिटरवर अक्षरं आली ती दोन्ही बाजूंनी दाबलेली आणि धुरकट, आणि अनुस्वार कुठेच नाही.

"चिता करू नकोस," ताईंनी वाचलं. "बायकोला सांगतायत?"

"ताई, दादा समोर दिसेल ते म्हणतील. टिंब आलंच पाहिजे. एका टिंबानं बायको जाईल माझी."

"तुमची नाही, दादांची." ताई खाली वाकल्या. पडद्याचा आकार चौकोनी, आणि यंत्र त्याला लांबट समजून रुंद चित्र त्यात कोंबत होतं. यादीत आकड्यांच्या जोड्या होत्या. ताईंनी मॉनिटरच्या पाठीवरची पट्टी पुसून वाचली, तीच जोडी यादीत शोधली, बाराशे ऐंशी गुणिले एक हजार चोवीस, आणि निवडली. पुन्हा चौकट, पुन्हा टक्‌. अक्षरं सुबक उभी राहिली आणि 'चि' वर टिंब टच्च बसलं. ताईंनी त्या पडद्यापुरती सगळी अक्षरं दुप्पटही करून टाकली, दादांचा चष्मा त्यांनी पाहिलेला होता.

मग लागलं खरं भांडण. यंत्रानं विचारलं, दुसरा पडदा पहिल्याच्या कुठल्या बाजूला?

"उजवीकडे," हळूबाई म्हणाल्या.

ताईंनी उजवीकडे ठेवला. हळूबाई माऊसचा बाण मॉनिटरकडे ढकलू लागल्या, तर बाण पडद्याच्या कडेला जाऊन भिंतीला लागल्यासारखा थांबला.

"अडलाय."

"अडणारच. मॉनिटर तुमच्या डाव्या हाताला आहे, वहिनी."

"ही डावी कशी? ही उजवी."

"हा तुमचा कुठला हात?"

"हात माझा डावा आहे. पण बाजू उजवी आहे. माझ्या पाठीमागची खिडकी म्हणजे प्रेक्षक. नट प्रेक्षकांकडे तोंड करून उभा. त्याची जी उजवी ती उजवी."

ताईंनी खिडकीकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं. "इथे नट कुठे आहे?"

"नट नसला तरी बाजू त्याचीच असते."

"छत्तीस वर्षं नकाशे काढले मी. नकाशात डावीकडे म्हणजे डावीकडे. नदी उद्या वळून उभी राहिली म्हणून बाजू बदलत नाही."

यावर चहा झाला, आणि चहानंतर ताईंनीच तोड काढली. त्यांनी दुसऱ्या पडद्याचा चौकोन उचलून पहिल्याच्या खाली सोडला. मॉनिटर तसाही रंगमंचाच्या पुढच्या कडेला, फूटलाइटच्या ओळीत खाली ठेवायचा होता. "हे घ्या. खाली. खाली सगळ्यांचं एकच असतं, नटाचं पण आणि नदीचं पण." बाण सुळकन खाली उतरला.

शेवटचा प्रश्न उरला. यंत्र विचारत होतं, मुख्य पडदा कोणता?

"तुमचा," ताई म्हणाल्या. "काम तुम्ही करणार."

"छे. दादांच्या समोर जो असेल तो मुख्य. माझा कसा मुख्य?"

"अहो, मानपानाचा प्रश्न नाहीये हा."

"मग दादांचा लावायला काय हरकत आहे?"

ताईंनी खांदे उडवले आणि मोठा मॉनिटर मुख्य केला. चौकट आली, टक्‌. मग हळूबाईंना एकटीला जमावं म्हणून त्यांनी सगळ्या पायऱ्या नकाशावर लिहावं तशा अक्षरात वहीत उतरवून दिल्या. दर वेळी येणारी ती चौकट मात्र दोघींच्याही ध्यानात आली नाही. ताईंचं बोट सवयीनं चाललं होतं आणि हळूबाई दर वेळी अक्षरांकडे बघत होत्या.

शनिवारी दुपारी नाट्यगृहात सगळं थाटात लागलं. मॉनिटर कडेला, पाठीवर काळं कापड, तोंड रंगमंचाकडे. विंगेतल्या स्टुलावरून त्याची फक्त कड दिसे, पडदा दिसत नसे. दिग्दर्शिकेनं ताईंना शेवटच्या रांगेत बसवलं, मॉनिटरचा उजेड प्रेक्षकांच्या डोळ्यांत येतो का ते सांगायला. तिसऱ्या रांगेत भाऊ संहितेची प्रत घेऊन, लग्नाला उभं केल्यासारखे बसले होते.

घंटा व्हायच्या आधी दिवेवाल्यानं लांब वायर जोडली ती यंत्राच्या दुसऱ्याच भोकात, आणि यंत्र घरची सगळी मांडणी विसरलं. आरसा परत आला. हळूबाईंनी लॅपटॉपवर पाहिलं, वही काढली. घाबरल्या नाहीत. पडदा वर गेला होता, रंगीत तालमीत थांबायचं नाही हा कंपनीचा नियम, आणि दादांचा प्रवेश यायला अजून तीन मिनिटं होती.

विस्तारित करा. आकार. दुप्पट. खाली. मुख्य पडदा, दादांचा. लागू करा.

सगळं नीट झालं. हळूबाईंनी पहिला शब्द टाइप केला, हात मांडीवर ठेवला, आणि थोड्या वेळानं लॅपटॉपचा पडदा एकदा काळा होऊन आरसा परत आला.

त्यांनी पुन्हा वही उघडली. पुन्हा सगळ्या पायऱ्या. पुन्हा नीट झालं. त्या वाट बघत राहिल्या. अडतीस वर्षांची सवय, समोरचा थांबला तर मध्ये बोलायचं नाही. आणि पुन्हा आरसा. दादा रंगमंचावर येऊन उभे होते.

नाटकातला प्रवेश असा होता. बायको महिनाभर लेकीकडे राहून परत आली आहे, आणि तेवढ्यात नवऱ्यानं घराची सगळी रचना फिरवून टाकली आहे. पलंग स्वयंपाकघरात, कपाट खिडकीत. बायको दारात पिशवी घेऊन उभी. हे काम करणारी नटी कंपनीत धाकटी म्हणून ओळखली जाई. ती आली तेव्हा सगळ्यांत लहान होती, आता बावन्न वर्षांची होती.

"हे काय केलंत?" धाकटीनं वाक्य टाकलं.

दादांनी एक पाऊल पुढे टाकलं, आणि त्यांचा अंगठा गोठला.

हळूबाईंनी तो पाहिला. तिसऱ्यांदा बोटं पळवली, लागू करा दाबलं. मॉनिटर लखलखला. दादांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून खाली पाहिलं, समोर मोठ्या ठळक अक्षरांत शब्द होते, आणि दादांनी ते भरल्या आवाजात बायकोला दिले.

"हे बदल ठेवायचे का?"

हळूबाई संहितेत वाक्य शोधू लागल्या. ते वाक्य संहितेत नव्हतं.

दादांनी बायकोकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "सतरा सेकंदांत," ते म्हणाले, "जुनी मांडणी पुन्हा लागू होईल."

दिग्दर्शिकेची पेन्सिल हवेत थांबली. शेवटच्या रांगेत ताई ताडकन उभ्या राहिल्या, कारण ते शब्द कुठले हे त्या एकट्याच ओळखत होत्या, पण नियम माहीत असल्यामुळे तोंडावर हात धरून उभ्या राहिल्या.

धाकटी तीस वर्षं दादांबरोबर काम करत होती. दादांच्या तोंडून काहीही आलं तरी ते झेलायचं, हे तिच्या अंगात मुरलं होतं. तिनं पिशवी खाली ठेवली. पलंगाकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं.

"सतराच?" ती म्हणाली.

दादांनी खाली पाहिलं. "अकरा."

"माझ्यासाठी केलंत हे सगळं?"

"सात," दादा म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच कापला, कारण पुढे काय म्हणायचं याचा त्यांना पत्ता नव्हता.

विंगेत हळूबाईंच्या डोक्यात तेवढ्यात उजेड पडला. मांडणी म्हणजे त्यांचीच मांडणी. यंत्र विचारत होतं, विचारायचं ते मुख्य पडद्यावर विचारत होतं, आणि मुख्य पडदा त्यांनीच दादांना देऊन टाकला होता. इतका वेळ त्या यंत्राची वाट बघत होत्या आणि यंत्र त्यांची.

"ठेवा," धाकटी म्हणाली.

हळूबाईंनी एंटर दाबला.

दादांच्या समोरची चौकट गेली, आणि तिथे एकच शब्द आला. चिंता. टिंबासकट.

"चिंता करू नकोस," दादा म्हणाले, "मी आहे," आणि गाडी अशी रुळावर आली की दिवेवाल्यानं अंधारात टाळी वाजवली आणि नियम आठवून हात खिशात घातले.

पुढे दादा आठ ठिकाणी अडले. आठही ठिकाणी शब्द समोर हजर. दोन ठिकाणी ते नुसतेच रंगून थांबले, तेव्हा पडदा कोरा राहिला.

तालीम संपल्यावर दिग्दर्शिका रंगमंचावर आली. ती आधी दादांशी बोलली.

"ते सतरा सेकंदांचं कुठून आणलंत?"

"समोर आलं, म्हटलं. माझं काम म्हणायचं. मी काय मूळ लेखक आहे?"

"ते ठेवायचंय मला. जमेल रविवारी?"

"जमेल काय, अख्ख्या नाटकात तेवढंच पाठ झालंय," दादा म्हणाले. मग विंगेकडे वळले. "पण हळूबाई, यापुढे त्या यंत्राला सांगा, विचारायचं ते तुम्हाला विचारत जा. मला नुसता शब्द द्या. तुम्ही आहात तोवर मला कशाला मुख्य करता?"

ताई तोवर धापा टाकत विंगेत पोचल्या होत्या. त्यांनी दादांच्या देखत लॅपटॉप मुख्य केला, चौकट लॅपटॉपवर आली, आणि या वेळी त्यांनी एंटर हळूबाईंना दाबायला लावला.

"बोलले होते मी," ताई म्हणाल्या.

"बोलला होतात," हळूबाई म्हणाल्या. चाळीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं.

दिग्दर्शिकेनं हातातला कागद पाहिला. प्रॉम्प्टरच्या समोर तिनं भाऊंचं नाव लिहून ठेवलं होतं. ते तिनं खोडलं. "उद्या चारला या, हळूबाई. वायर तीच लावायची, आणि त्याच भोकात." भाऊ उठून निघाले ते जवळजवळ पळतच.

दादा मात्र जाता जाता थबकले. "अक्षर अजून एक नंबर मोठं होईल? चष्मा विसरलो तरी चालावं असं."

"दोन नंबर होईल," ताईंनी परस्पर सांगून टाकलं.

सगळे गेल्यावर हळूबाईंनी अक्षर दोन नंबर मोठं केलं आणि सगळ्यांत लांबलचक शब्द टाइप केला. अंतःकरणापासून. कड पाहून काही कळेना, पडदा तर रंगमंचाच्या बाजूला. म्हणून त्या उठल्या आणि दादांच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. अडतीस वर्षांत त्या इतक्या मधोमध कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. शब्द काही पडद्यावर मावत नव्हता, तुटून दोन ओळींत गेला होता आणि दुसरी ओळ पडद्याखाली बुडाली होती. त्यांनी जरा विचार केला. दादांना 'अंतः' पुरे होतं. पुढचं त्यांना येतं.

"ताई, शेवटच्या रांगेतून बघा हो, उजेड येतोय का आता," त्या म्हणाल्या. कुजबुजायची बंदी होती, म्हणून साध्या, बेताच्या आवाजात म्हणाल्या. तो आवाज खुर्च्यांवरून सरळ मागच्या भिंतीपर्यंत गेला.

ताई शेवटच्या रांगेत पोचून खाली बसल्या, डोळे बारीक करून बघितलं.

"उजेड येत नाही," त्यांनी तिथून सांगितलं. "तुम्ही येताय, अगदी स्पष्ट. आता उतरा खाली, वायर गुंडाळायची आहे."